फटका बरोबर, तरी गुण जातोय

माझ्याकडे टेबल टेनिस शिकणारी एक खेळाडू आहे. बॅकहँडला बॅकहँड अशी रॅली तिला कितीही वेळ खेळायला लावा, तुटत नाही. कोपर जागेवर, मनगट सैल, चेंडू वर येतानाच घेतलेला. सामना सुरू झाला की हाच बॅकहँड ढासळतो. कालचं सत्र मी त्यासाठीच राखून ठेवलं.

आधी मल्टिबॉल, म्हणजे मी एकामागून एक चेंडू टाकायचे आणि तिने मारायचे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेगाने चेंडू टाकले. क्वचित एखादा चुकला. मग फाल्केनबर्ग नावाचं ड्रिल: डाव्या कोपऱ्यातून बॅकहँड, तिथेच वळून फोरहँड, लगेच उजव्या टोकाला धावत फोरहँड. 1971 चा विश्वविजेता स्टेलान बेंग्टसन ज्या स्वीडिश गावचा, त्या गावाचं नाव या ड्रिलला आहे. तेही तिने छान केलं. क्रम पाठ असला की पाय आपोआप निघतात.

मग मी क्रम मोडला. बॅकहँडला एक किंवा दोन, पुढचा कुठेही. लगेच गडबड. फटक्याकडे न बघता मी फटक्यानंतर काय होतंय ते बघू लागलो. बॅट पुढे उजवीकडे तशीच राहिलेली, आणि ती चेंडू कुठे पडला ते बघत उभी! टेबल जेमतेम 2.74 मीटर लांब. वेगाच्या रॅलीत चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत परत येतो. तो उजव्या कोपरावर आला की बॅकहँड की फोरहँड हे ठरेपर्यंत खाली उतरलेला असतो, आणि जातो जाळीत.

"सर, पण फटका तर बरोबर लागतोय ना?"

"लागतोय गं. बॅट परत येत नाहीये."

मग तिचा चेंडू माझ्या बाजूला पडायच्या आतच मी पुढचा टाकू लागलो. बघत बसायला वेळच उरला नाही. बॅट पोटासमोर यायला लागली, कोपरावरचे चेंडूही परत यायला लागले. शंभर चेंडूंची रॅली झाली म्हणून टाळ्या पिटणारे प्रशिक्षक आणि पालक मला म्हणूनच पटत नाहीत. चेंडू फेकणाऱ्या रोबोटवर एकाच जागी तासभर मारण्याचंही तेच.

शेवटी सर्व्हवरून खेळवलं. तिची आखूड सर्व्ह, माझा तिच्या बॅकहँडला लांब पुश, म्हणजे चेंडूला खालून कापत दिलेली उलटी फिरकी, अंडरस्पिन. गुडघे वाकवून, बॅट मांड्यांच्या मध्ये नेऊन तिने टॉपस्पिन, म्हणजे पुढे फिरणारा फटका, सुरेख उचलला. आणि पुन्हा बघत उभी राहिली. मी बॅट नुसती आड धरून परतवलेला चेंडू, माझा ब्लॉक, थेट कोपरावर गेला.

अंडरस्पिन उचलताना अंग जास्त लागतं म्हणून परतायला उशीर होतो, की तो चेंडू पडेल याची तिला खात्री नसते? मला दुसरं कारण वाटतंय. पुढच्या सत्रात मल्टिबॉल नाही. थेट सर्व्ह, पुश, टॉपस्पिन, ब्लॉक, आणि माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे.