अंदमान समुद्र, ओहोटीचं चुकलेलं गणित आणि थंड चिखलाचा ज्वालामुखी

जानेवारीत अंदमानला जाऊन आलो, मी, बायको आणि आई. अकरा दिवस. सेल्युलर जेल, राधानगर बीच, स्कूबा याबद्दल सगळ्यांनी इतकं लिहून ठेवलंय की मी त्यात भर घालत नाही. मला सह्याद्रीत भटकायची सवय, त्यामुळे कुठेही गेलो की आधी खडकाकडे नजर जाते, आणि अंदमानात तर सगळी मजा खडकात आणि पाण्याखाली आहे. ज्यांना त्याच नजरेने फिरायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, बाकीच्यांनी मधले परिच्छेद गाळून शेवटचं वाचलं तरी चालेल.

आधी नकाशा डोक्यात घ्या. अंदमान निकोबार ही बेटांची माळ म्हणजे समुद्रातली एक भिंत आहे. भिंतीच्या पश्चिमेला बंगालचा उपसागर, पूर्वेला अंदमान समुद्र. हा वेगळा समुद्र आहे, साधारण आठ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीपेक्षा मोठा. उत्तरेला म्यानमार, पूर्वेला थायलंड, दक्षिणेला सुमात्रा. उत्तरेकडे आणि पूर्वेकडे तो अगदी उथळ आहे कारण इरावती नदी हजारो वर्षं तिथे गाळ आणून ओततेय, आणि मध्यभागी मात्र तळ एकदम खोल जातो, काही ठिकाणी चार किलोमीटरच्याही खाली. हा खोलगट भाग आपोआप झालेला नाही. भिंतीच्या पश्चिम बाजूला भारतीय प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा आपला तुकडा) खाली घुसतेय, आणि त्या ओढाताणीत भिंतीच्या मागचा तळ फाटत गेला, गेली सुमारे चाळीस लाख वर्षं फाटतोय. आपला दख्खनचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, त्यापुढे हा समुद्राचा मधला भाग म्हणजे काल परवाचं पोर.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं पाण्याखाली, आम्हाला काय दिसणार. दिसतं. पोर्ट ब्लेअरला (आता नाव श्री विजय पुरम झालंय, पण रिक्षावाले अजून ब्लेअरच म्हणतात) कॉर्बिन्स कोव्हच्या रस्त्याला लागलात की ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरचे खडक बघा. खारी बिस्किटासारखे थर, एक वाळूचा दगड एक चिखलाचा दगड, परत वाळू परत चिखल, आणि सगळे तिरके उभे राहिलेले. हा सगळा गाळ एकेकाळी खोल समुद्राच्या तळाशी साचलेला. खाली घुसणारी प्लेट जाता जाता वरचा गाळ खरवडत गेली, त्या खरवडीचा ढीग साचत साचत पाण्याच्या वर आला, आणि त्यावर आपण हॉटेलं बांधली. चिडियाटापूला गेलात तर तिकडे काळपट हिरवट दगड दिसतात, ते तर गाळ पण नाही, समुद्राच्या तळाचाच तुकडा वर आलेला. लोक तिथे फक्त सूर्यास्त बघतात. बघा, सुंदर आहे, पण तासभर आधी पोचा आणि पायाखाली पण बघा.

आता आमची फजिती. आईचं माहेर गुहागरचं. कोकणात भरतीचं गणित सगळ्यांना पाठ, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. नील बेटावर (शहीद द्वीप) नॅचरल ब्रिज बघायचा तर ओहोटीच लागते, हे मला माहीत होतं. त्या दिवशी दशमी. आईने हॉटेलवर बसल्या बसल्या हिशोब केला, दहाची पाऊण साडेसात, म्हणजे साडेसातला भरती, पावणेदोनच्या आसपास ओहोटी, निवांत जेवून जाऊ. मी पण मान डोलावली. दीड वाजता पोचलो तर ओहोटी केव्हाच होऊन गेलेली, पाणी परत चढत होतं, वाटेतले दगड बुडालेले, आणि गाइड लोक आपापली माणसं घेऊन परत येत होते. आई थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "इथला समुद्र दुसऱ्या पंचांगावर चालतोय वाटतं."

चंद्र तोच असला तरी प्रत्येक समुद्राचा आकार, खोली, तोंड वेगळं, त्यामुळे भरती प्रत्येक बंदराला आपापल्या वेळेला पोचते. तिथीचं पाऊणपट गणित आपल्या किनाऱ्यासाठी बसवलेलं आहे, ते तिकडे लावू नका. पोर्ट ब्लेअरचं टाइड टेबल मोबाइलवर बघा, जेट्टीवर किंवा हॉटेलवर पण कोणीही सांगतं. उधाण आणि भांग हे मात्र तसंच चालतं, अमावस्या पौर्णिमेला पाणी जास्त मागे जातं, अष्टमीच्या आसपास कमी. त्यामुळे जमलं तर ट्रिपच्या तारखाच अमावस्या नाहीतर पौर्णिमेला धरून ठरवा, मग विमानाचं तिकीट काढा. मुंबईला उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास वरखाली होतं, इकडे दोनेक मीटरच, पण नीलचा किनारा इतका सपाट आहे की तेवढ्यात पण बराच भाग उघडा पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परत गेलो, म्हणजे नीलवर एक मुक्काम जास्त करावा लागला आणि फेरीचं तिकीट बदलताना पैसे गेले ते वेगळेच. पण वर्थ होतं. ब्रिज म्हणजे प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुनखडक, लाटांनी खालून पोखरून पोखरून कमान झालीय. वस्तीतली बंगाली मंडळी त्याला हावडा ब्रिज म्हणतात. कमानीपेक्षा मला आजूबाजूची डबकी आवडली, त्यात समुद्रकाकड्या, खेकडे, कवच उघडून बसलेले मोठे शिंपले. पायात जुने बूट घाला, चप्पल नको, प्रवाळ कापतं आणि ती जखम लवकर भरत नाही. स्थानिक गाइड घ्या, पैसे वाचवू नका इथे, आणि जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका.

हॅवलॉक (स्वराज द्वीप) पटकन आटपतो. एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग केलं, मासे भरपूर. पण पाण्याखालचे रंग इंस्टावर दिसतात तसे असतील असं धरून जाऊ नका, 2010 साली समुद्र तापला तेव्हा अंदमानचं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं, त्याची खूण अजून कळते. फेरीला मळमळत असेल तर गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या, बोट हलायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही (अनुभव, बायकोचा). आणि हो, या समुद्राची एक गंमत, इथे पाण्याच्या आत लाटा असतात. वरचं कोमट हलकं पाणी आणि खालचं गार जड पाणी यांच्या सीमेवर लाट धावते, साठ साठ मीटर उंचीची पण मोजलीय, आणि वर आपल्याला फक्त खळखळत्या पाण्याचा एक लांबच लांब पट्टा दिसतो. सॅटेलाइट फोटोत हे पट्टे मस्त दिसतात, जायच्या आधी शोधून बघा.

बाराटांग बेट. यासाठी पहाटे साडेतीनला उठावं लागतं. जिरकाटांगच्या गेटपासून पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल, गाड्या ताफ्याने सोडतात, ठराविक वेळेलाच. ताफा चुकला की पुढच्याची वाट बघा. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खाऊ द्यायचा नाही, हे नियम कडक आहेत. आमच्या पुढच्या गाडीतले लोक काचा खाली करून माना बाहेर काढून बसले होते, मला लाज वाटली. खरं तर सुप्रीम कोर्टाने 2002 सालीच हा रस्ता त्या भागात बंद करायला सांगितलं होतं. समुद्रातून बोटीने बाराटांगला जायची सोय चालू असेल तर ती आधी विचारा, मी परत गेलो तर तसाच जाईन.

पुढे मिडल स्ट्रेटला गाडीसकट फेरी, मग नयाडेरा, मग तिवराच्या जंगलातून छोट्या बोटीने चुनखडीच्या गुहांकडे. बोटीतून हात बाहेर काढू नका, मगरी आहेत, पाट्या शोभेला लावलेल्या नाहीत. बोटीतून उतरल्यावर सव्वा किलोमीटरभर चालायचं. गुहेत छतातून लोंबणारे चुन्याचे सुळके, अजून थेंब थेंब वाढतायत. हात लावला की हाताच्या तेलाने ती वाढ थांबते. टॉर्च न्या.

आणि मग तो चिखलाचा ज्वालामुखी. इथे सगळ्यांचा पोपट होतो म्हणून आधीच सांगतो, लाव्हा वगैरे काही नाही, राखाडी चिखलाचं एक टेकाड आणि त्यात मधेच बुडुक करून एक बुडबुडा. आईने पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "एवढंच?" एवढंच. पण तो चिखल थंड असतो हीच तर गंमत आहे. याचा तापलेल्या खडकाशी संबंध नाही, वर सांगितलेला तो खरवडलेल्या गाळाचा ढीग खाली दाबला जातोय, पिळला जातोय, त्यातलं पाणी आणि मिथेन वाट काढत वर येतायत आणि येताना चिखल घेऊन येतायत. टूथपेस्टची ट्यूब मागून दाबल्यासारखं. 2004 च्या मोठ्या भूकंपानंतर हेच टेकाड जोरात उसळलं होतं. तिथे उभं राहिल्यावर आपण एका चालू यंत्राच्या झाकणावर उभे आहोत असं मला वाटलं, बाकीचे लोक फोटो काढून दोन मिनिटांत गेले.

खरा ज्वालामुखी बॅरन बेटावर, पोर्ट ब्लेअरपासून समुद्रात साधारण 135 किलोमीटर ईशान्येला. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. 1787 ला उद्रेकाची पहिली नोंद, पुढे अधूनमधून उद्रेक, मग दीडेकशे वर्षं गप्प, आणि 1991 ला परत सुरू. पाण्यावर साडेतीनशे मीटरच दिसतो पण त्याचा पाया समुद्राच्या तळावर आहे, म्हणजे दिसतं ते फक्त टोक. उतरू देत नाहीत, जहाजातून लांबून बघायचं, आणि ते जहाज पण रोज नसतं. आम्ही होतो त्या आठवड्यात नव्हतं. तुम्ही तारखा ठरवायच्या आधी चौकशी करा, माझ्यासारखं तिकडे जाऊन विचारू नका.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी सगळ्यांना माहीत आहे, पण त्या भूकंपाने बेटं कलली हे फार कमी लोकांना माहीत असतं. सुमात्रापासून उत्तर अंदमानपर्यंत तेराशे किलोमीटर लांबीची फट सरकली. दक्षिणेची बाजू खचली, उत्तरेची उचलली गेली. ग्रेट निकोबारचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेला. पोर्ट ब्लेअरची जमीन मीटरभर खचली. हे बघायला सिप्पीघाटला जा, शहरापासून अर्ध्या तासावर, पर्यटनाच्या कुठल्या यादीत नाही. रस्त्याच्या कडेला पाणीच पाणी दिसतं, तलाव वाटतो, आणि मग कळतं की ही भातशेती होती. त्सुनामीचं पाणी परत गेलं, पण जमीनच खाली बसल्यामुळे समुद्र आत राहिला तो राहिलाच.

मग उत्तरेला मायाबंदर दिगलीपूरला जा. बहुतेक टूरवाले नेत नाहीत, रस्ता लांब आहे, पोर्ट ब्लेअरपासून तीनशे किलोमीटर, पूर्ण दिवस जातो आणि पाठ मोडते. आम्ही बाराटांगहून पुढे रंगतला एक मुक्काम केला, तसं करा, आईवडील बरोबर असतील तर नक्की. तिकडे उलटा प्रकार. उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्याला जमीन मीटर, दीड मीटर वर आली, पाण्याखाली जगणारं प्रवाळ रातोरात हवेत आलं आणि मेलं. मायाबंदरजवळ एका किनाऱ्यावर ते राखाडी झिजलेले गोटे बघितले, फुलकोबीसारखे, भरतीचं पाणी आता तिथपर्यंत पोचत नाही. तीन दिवसांपूर्वी सिप्पीघाटला बुडलेली शेतं बघितलेली डोक्यात होती, त्यामुळे जास्तच लागलं. म्हणून क्रम असाच ठेवा, आधी सिप्पीघाट, नंतर उत्तर.

दिगलीपूरला रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत, ओहोटीला चालत जाता येतं. एरियल बे जेट्टीवरून बोट, परवानगी तिथेच काढायची, ओळखपत्र लागतं. हे रॉस आणि पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस वेगळं, गोंधळ करू नका. सॅडल पीक 732 मीटर, कळसूबाईच्या निम्म्याहून कमी, म्हणून मी फुशारकीने निघालो आणि दमट हवेने अर्ध्यात परतलो. पाणी माणशी तीन लिटर न्या.

बारीकसारीक: दिवस लवकर उगवतो आणि संध्याकाळी सव्वापाच साडेपाचला अंधार, त्यामुळे घड्याळ दोन तास पुढे ढकलल्यासारखं जगा. उत्तरेला कॅश ठेवा. सिम कुठलंही असो, नेट असेल असं धरू नका, टाइड टेबल आणि मॅप आधीच डाउनलोड करा. निकोबारचा बहुतेक भाग पर्यटकांना बंद आहे.

आणि किनाऱ्यावरचं काहीही उचलू नका, मेलेलं प्रवाळ पण नाही, वन्यजीव कायद्याखाली येतं आणि विमानतळावर बॅगा तपासतात. आईने तुळशीवृंदावनात ठेवायला म्हणून एक पांढरा तुकडा पदराच्या गाठीत बांधून आणला होता, आम्हाला पत्ताच नाही. स्क्रीनिंगच्या रांगेत तिने हळूच विचारलं, "अरे, दगड चालतो ना?" रांग सोडून बाहेर आलो, तो तिथल्या माणसाकडे दिला, त्याने मागच्या एका मोठ्या खोक्यात टाकला. खोकं जवळजवळ भरलेलं होतं.