बाँडिंगच्या देखरेखीसाठी डेटा सेंटरची फेरी: पोर्टचा दिवा चालू, वाट मात्र बंद

सर्व्हरच्या दोन नेटवर्क पोर्टांपैकी एक निकामी झाला तर दुसऱ्याने काम हाती घ्यावे आणि तो निकामी झाल्याचे सर्व्हरला वेळेवर कळावे, एवढ्यासाठी ही डेटा सेंटरची फेरी ठरली होती. रॅकमधील सर्व लिनक्स सर्व्हरांवर बाँडिंग, म्हणजे दोन पोर्ट मिळून एकच जोडणी म्हणून वापरण्याची सोय, आधीपासून होते. प्रत्येक सर्व्हरचा एक पोर्ट एका स्विचला आणि दुसरा पोर्ट दुसऱ्या स्विचला जोडलेला होता, आणि मोड ॲक्टिव्ह-बॅकअप होता, म्हणजे एका वेळी एक पोर्ट सक्रिय आणि दुसरा राखीव. हे सारे दुरून बदलता आले असते. पण बिघाड ओळखण्याची व्यवस्था खरोखर केबल काढून पाहिल्याशिवाय तपासली असे म्हणता येत नाही, म्हणून प्रत्यक्ष जाणे आवश्यक होते.

जाणाऱ्यांनी आधी काही गोष्टी उरकून घ्याव्यात. प्रवेशाची परवानगी आणि सोबत नेण्याच्या उपकरणांची यादी आगाऊ द्यावी, लिनक्सच्या गाभ्यासोबत, म्हणजे कर्नलसोबत, येणारा बाँडिंगचा दस्तऐवज लॅपटॉपवर उतरवून घ्यावा, आणि सर्व्हरच्या व्यवस्थापन पोर्टवरून कन्सोल उघडतो की नाही हे निघण्यापूर्वीच पाहावे. एनएमसीएलआय या नेटवर्कच्या मांडणीच्या कमांडने बाँडची जोडणी पुन्हा कार्यान्वित करताना नेटवर्क क्षणभर तुटते आणि एसएसएचवर, म्हणजे नेटवर्कवरून केलेल्या लॉगिनवर, विसंबलेला माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो. जिथे कन्सोल मिळणारच नाही, तिथे सिस्टिमडी-रन ही कमांड वापरून काही मिनिटांनी जुनी मांडणी आपोआप परत आणणारे काम लावून ठेवावे आणि सर्व सुरळीत दिसल्यावरच ते रद्द करावे.

पहिली चाचणी सरळ होती. जुन्या मांडणीत लिंक तपासण्याचे अंतर ठरवणारा एमआयआयमॉन हा पर्याय १०० होता, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी बाँडिंगचा ड्रायव्हर पोर्टची लिंक पाहत होता. एका टर्मिनलवर लिंकमधील बदल दाखवणारी ‘आयपी मॉनिटर लिंक’ ही कमांड चालू ठेवून, दुसऱ्यावर प्रॉक फाइलसिस्टिममधील बाँडची स्थिती दाखवणारी फाइल वाचत, सहकाऱ्याला सक्रिय पोर्टची केबल काढायला सांगितली. सक्रिय इंटरफेस लगेच बदलला आणि लिंक बिघाडाचा आकडा एकने वाढला. ही चाचणी ‘आयपी लिंक सेट’ने पोर्ट बंद करून उरकू नये, असे माझे ठाम मत आहे, त्या कमांडने आपण पोर्ट प्रशासकीयदृष्ट्या बंद करतो, स्विचच्या बाजूला काय दिसेल ते नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर अवलंबून राहते, आणि खऱ्या बिघाडाचे वर्तन पडताळायचे राहूनच जाते.

खरा प्रश्न दुसऱ्या चाचणीत समोर आला. सर्व्हरची केबल तशीच ठेवून त्या स्विचची वरच्या राउटरकडे जाणारी अपलिंक काढली, तेव्हा बाँड जागचा हलला नाही. सर्व्हर आणि स्विच यांच्यातील लिंक शाबूत होती, एमआयआयमॉन तेवढेच पाहतो, आणि म्हणून सर्व पाकिटे एका बंद वाटेवर जात राहिली. बाँडिंग केले म्हणजे जोडणी सुरक्षित झाली असे मानणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी एकदा तरी करावी.

यावरचा उपाय म्हणजे एआरपी देखरेख, म्हणजे ठरावीक पत्त्यांना एआरपीची विनंती पाठवून उत्तर येते का ते पाहणे. एनएमसीएलआयने बाँडच्या पर्यायांतून एमआयआयमॉन, अपडिले आणि डाउनडिले (लिंक आल्यावर आणि गेल्यावर थांबण्याचा वेळ) काढले, एआरपी इंटरव्हल, म्हणजे दोन तपासण्यांमधले अंतर, १००० मिलिसेकंद ठेवले आणि एआरपी आयपी टार्गेटमध्ये त्याच सबनेटमधील दोन पत्ते दिले. एमआयआय (फक्त लिंक पाहणारी) आणि एआरपी या दोन पद्धती एकत्र चालत नाहीत, आणि अपडिले-डाउनडिले हे फक्त एमआयआय देखरेखीला लागू आहेत, हे ध्यानात ठेवावे. लक्ष्य म्हणून १६ पत्त्यांपर्यंत देता येतात. एकच दिला तर तो राउटर रीस्टार्ट होताच सर्व्हरला स्वतःचे दोन्ही पोर्ट मेलेले वाटू लागतात, म्हणून किमान दोन हवेत. आकडा न बदलल्यास (डिफॉल्ट) सलग दोन तपासण्या हुकल्यावर इंटरफेस बंद मानला जातो, त्यामुळे या अंतराने निर्णयाला सुमारे दोन ते तीन सेकंद लागतात. त्याहून घाई करण्याचे आम्हाला कारण नव्हते.

एवढे करून पुन्हा अपलिंक काढली, तरी सक्रिय इंटरफेस बदलला नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या स्विचवर बाँडिंग केलेले इतरही सर्व्हर होते आणि तेही एआरपीच्या विनंत्या सगळीकडे पाठवत होते. पडताळणी बंद असली की आपल्या पोर्टवर आलेली कोणतीही रहदारी जिवंतपणाचा पुरावा धरली जाते. म्हणजे वाट तुटलेली असताना हे सर्व्हर एकमेकांच्या विनंत्या ऐकून एकमेकांना दिलासा देत होते. एआरपी व्हॅलिडेट हा पडताळणीचा पर्याय ‘ॲक्टिव्ह’ केल्यावर सक्रिय पोर्टसाठी फक्त लक्ष्याकडून आलेले उत्तर ग्राह्य धरले जाऊ लागले, आणि पुढच्या चाचणीत बदल अपेक्षित वेळेत झाला. ‘ऑल’ हा पर्याय राखीव पोर्टचीही पडताळणी करतो, परंतु राखीव पोर्टची परीक्षा सक्रिय पोर्टने पाठवलेली विनंती त्याच्यापर्यंत पोहोचते का यावर होते. दोन स्विचांची रचना ती विनंती तिथवर नेत नसेल, तर तो पर्याय वापरू नये.

ज्यांचा मोड ८०२.३एडी आहे, म्हणजे स्विचशी जुळवून दोन्ही पोर्ट एकाच वेळी वापरले जातात, त्यांना ही वाट उपलब्ध नाही, कारण त्या मोडमध्ये एआरपी देखरेख चालत नाही. तिथे एमआयआयमॉन ठेवून एलएसीपीचा, म्हणजे सर्व्हर आणि स्विच यांच्यातील जुळणीच्या संदेशांचा, दर ‘फास्ट’ करावा, म्हणजे संदेश ३० सेकंदांऐवजी दर सेकंदाला मागवले जातात; अपलिंक तुटल्यावर सर्व्हरकडील पोर्टही खाली आणण्याची सोय मात्र स्विचवरच करावी लागते.

एमआयआय देखरेखीवरच राहणाऱ्यांनी अपडिलेकडे दुर्लक्ष करू नये. स्विचचा पोर्ट उजळला तरी जुन्या स्पॅनिंग ट्रीत (स्विचांमधील फेरे टाळण्याच्या पद्धतीत) तो पाकिटे पुढे पाठवायला ३० सेकंद घेऊ शकतो, आणि तेवढ्यात बाँड त्यावर परतला तर दुरुस्तीमुळेच खंड पडतो. अपडिलेचा आकडा एमआयआयमॉनच्या पटीत द्यावा, नाहीतर तो खालच्या पटीवर आणला जातो. आम्ही प्रायमरी रीसिलेक्ट हा पर्याय ‘फेल्युअर’ केला, त्यामुळे प्राधान्याचा (प्रायमरी) पोर्ट बरा झाला तरी चालू पोर्ट निकामी होईपर्यंत रहदारी जागची हलत नाही. सतत चालू-बंद होणाऱ्या केबलीसाठी हे फार उपयोगी आहे.

बाँडने काम चोख केले की वापरकर्त्याला काहीच जाणवत नाही आणि एक पोर्ट महिनोन्महिने मेलेला राहू शकतो. म्हणून प्रोमिथियस या देखरेखीच्या प्रणालीच्या नोड एक्स्पोर्टरकडून मिळणारी बाँडमधील एकूण आणि सक्रिय इंटरफेसांची संख्या पडताळून, सक्रिय संख्या कमी होताच इशारा जाईल असा नियम लावला. तो इशाराही केबल काढूनच तपासला.

रॅकचे दार लावण्यापूर्वी प्रत्येक सर्व्हर आळीपाळीने रीस्टार्ट करून बाँडची फाइल पुन्हा वाचली. सिसफएसमधून, म्हणजे चालू कर्नलची मूल्ये बदलण्याच्या फाइलींतून, थेट लिहिलेली मूल्ये रीस्टार्टनंतर राहत नाहीत. एनएमसीएलआयच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेलीच टिकतात, आणि हे पाहण्याची जागा रॅकसमोरच आहे.