मीटर

आज २० ऑगस्ट. सकाळी पुण्यातल्या ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर जाऊन आलो. २०१३ साली इथेच डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, आणि वटहुकूम निघाला तो त्यांच्या खुनानंतर, चारच दिवसांत.

परतताना रिक्षा केली. पुढे लिंबू-मिरची, काचेवर स्वामी समर्थ. काका गप्पिष्ट. कुठे गेलो होतो ते सांगितलं, देव मानत नाही हेही सांगितलं, तर म्हणाले, “देवच मानत नाही म्हणता, मग वाईट वागण्यापासून तुम्हाला अडवतं कोण?”

हा प्रश्न घरीदारी इतक्यांदा ऐकलाय! जातपंचायती लोकांना वाळीत टाकत होत्या, लग्नं मोडत होत्या, दंड वसूल करत होत्या. ते रोखायला २०१६ चा कायदा करावा लागला. त्या पंचांच्या देव्हाऱ्यात देवांची काही टंचाई नव्हती. उलट देवाधर्माच्या नावाने केलं की मन खात नाही, हीच तर खरी सोय.

हे सगळं बोललो नाही. एवढंच विचारलं, “काका, तुम्ही न सांगता मीटर टाकलंत, ते कुणाच्या भीतीने?”

“भीती कसली? सवय आहे.”

उतरताना परत द्यायला काकांकडे दोन रुपये सुटे नव्हते. राहू द्या म्हटलं, तर समोरच्या टपरीवरून आणून हातावर ठेवले.