ती बसमध्ये चढली नाही

आज संध्याकाळी चिऊच्या इतिहासाच्या पुस्तकात ती फिल्मची पट्टी सापडली. खूण म्हणून घालून ठेवलीय. जपानहून येऊन दहा दिवस झाले, बॅगा माळ्यावर गेल्या, ऑफिस सुरू झालं, घोडबंदरचं ट्रॅफिक होतं तसंच आहे, आणि मला वाटत होतं की तो विषय मनातून गेला. पट्टी हातात घेतली आणि पुन्हा तेच, पोटात खड्डा.

तसं झालं काहीच नाही. टोकियोजवळ मिताकाला जिबली म्युझियम बघायला गेलो होतो, जिबली म्हणजे जपानी ॲनिमेशन पिक्चर काढणारा स्टुडिओ, तिथे वरच्या मजल्यावर त्यांच्या टोटोरो पिक्चरमधली ती मांजर-बस आहे, भली मोठी, केसाळ, आत बसता येईल अशी. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाच चढू देतात. चिऊ बाराची आहे. आणि ती चढली नाही. एवढंच.

"नको आई, इथूनच बघू," म्हणाली आणि माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. आत तीन-चार वर्षांची पोरं बूट काढून खिडकीतून उड्या मारत होती, पिक्चरमधल्या काजळीच्या त्या काळ्या गोळ्यांची मऊ खेळणी एकमेकांवर फेकत होती. तिथल्या ताईंनी चिऊकडे बघून हाताने "ये ये" पण केलं. चिऊ हसली, मानेने नको म्हणाली. मी म्हटलं अगं जा ना, दोन मिनिटं, परत कधी येणार आपण. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणणार होते, पण नवऱ्याने माझा दंड धरला.

तिला नाही जायचं तर नाही जायचं, त्यात मला इतकं लागायचं कारण काय, हे मला दहा दिवस कळत नाहीये.

2020 च्या फेब्रुवारीत जिबलीचे पिक्चर नेटफ्लिक्सवर आले आणि मार्चमध्ये सगळे घरात. चिऊ सात वर्षांची. टोटोरो किती वेळा लागला असेल मोजलंच नाही, 1988 चा पिक्चर, त्यात मोठी मारामारी नाही, कुणी व्हिलन नाही, आई हॉस्पिटलमध्ये आहे आणि दोन बहिणी वाट बघतायत, इतकंच, तरी ती जागची हलायची नाही. मग दुपारी हॉलमध्ये बस लागायची. डायनिंगच्या चार खुर्च्या, वर सोलापुरी चादर. त्या बसच्या कपाळावर पाटी असते ना, जिथे जायचं ते नाव आपोआप बदलतं, तसं हिने बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने नाव लिहून सेलोटेपने चिकटवलेलं. "नौपाडा आजि". जि ऱ्हस्व. रिक्षाने वीस मिनिटांवरची आजी, पण तेव्हा जाताच येत नव्हतं. मी आणि बाहुल्या पॅसेंजर. "चला, धरून बसा, आजीचा स्टॉप आला की सांगते" म्हणायची आणि मी खरंच डोळे मिटून बसायचे.

आजी तेव्हा होती. असो.

तेव्हाच मी तिला कबूल केलं होतं की सगळं सुरू झालं की खऱ्या बसमध्ये बसवेन. ऑक्टोबर 2022 मध्ये जपानने टुरिस्टना पुन्हा नीट दारं उघडली, तेव्हा ती नऊची होती. नऊ! तेव्हा गेलो असतो तर बूटसुद्धा न काढता पळाली असती. पण घराचा हप्ता, मग सासूबाईंचा गुडघा, मग याची नोकरी बदलली, आणि दरवर्षी मी म्हणायचे पुढच्या वर्षी नक्की. कुणी अडवलं नव्हतं. मीच पुढे ढकलत राहिले. मुलं थांबत नाहीत हे मला माहीत नव्हतं का? पूर्ण माहीत होतं, तरी ढकललं.

तिकीट मिळालं तेव्हा कसली खूश झाले होते मी. तिथे दारात तिकीट मिळत नाही, दर महिन्याच्या 10 तारखेला जपानच्या सकाळी 10 वाजता पुढच्या महिन्याची तिकिटं निघतात, म्हणजे आपले साडेसहा. एका डोळ्याने वेबसाइटवरचं रांगेचं पान, दुसऱ्याने गॅसवर पोळी, चिऊची शाळेची बस पावणेसातला. मिळाली! आम्हा दोघांची हजार-हजार येन, तिचं चारशे. मी ओरडलेच किचनमधून. ती वेणी घालत होती, म्हणाली, "भारी!" आणि पाण्याची बाटली घेऊन खाली गेली. तेव्हाच कळायला हवं होतं बहुतेक.

पण मग वाटतं, तिला तिथे आवडलं नाही असं तर नव्हतं. उलटच. मिताका स्टेशनपासून कालव्याच्या कडेकडेने चालत गेलो तर ही पुढे. सगळ्यात खालच्या मजल्यावर एका खोलीत चक्र आहे, त्यावर बारीक फरकाच्या किती तरी बाहुल्या, टोटोरो उडी मारतोय, पिक्चरमधल्या त्या दोघी बहिणी सात्सुकी आणि मेई दोरीवरच्या उड्या खेळतायत. चक्र जोरात फिरायला लागलं की सगळं पुसट होतं, आणि दिवा भराभर उघडझाप करायला लागला की एकदम त्या बाहुल्या जिवंत होतात. अंगावर काटा आला माझ्या. चिऊ तिथे तीन फेऱ्या थांबली. बाहुल्या बघत नव्हती, वाकून दिवा कुठे लावलाय ते बघत होती. आतमध्ये फोटो काढू देत नाहीत, तर हिने बाहेर आल्यावर बाकावर बसून वहीत त्या चक्राचं चित्र काढलं, बाण-बिण काढून. वर गच्चीवर जिबलीच्याच दुसऱ्या एका पिक्चरमधला तो पाचेक मीटरचा रोबो आहे, तिथे फोटो चालतो, तर त्याच्या शेजारी उभी राहून काय छान हसलीय. माझ्या फोनमध्ये आहे तो. त्यात ती सात वर्षांची अजिबात दिसत नाही आणि तरी तीच दिसते.

त्या म्युझियमचं ब्रीदवाक्यच आहे म्हणे, चला, हरवलेली मुलं होऊया, सगळे मिळून. मला दिवसभर तेच डोक्यात. आणि आज लिहिता लिहिता वाटतंय की बसपाशी दोरीच्या बाहेर उभं राहून आत जावंसं मलाच वाटत होतं. तिला नाही. त्या बसच्या पाटीवर मला काय वाचायचं होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मोठ्यांना आत सोडत नाहीत, बरोबरच आहे.

रात्री जेवणं झाल्यावर विचारलं शेवटी. म्हटलं तू का नाही गं चढलीस. तिने पटकन आठवलंही नाही. मग म्हणाली, "अगं सगळी माझ्या कमरेएवढी होती. मी आत गेले असते तर त्यांना खेळायला जागाच उरली नसती." आणि थोड्या वेळाने, "तुला वाईट वाटलं?" मी म्हटलं हो, थोडं. खोटं नाही बोलले.

मग तिने पुस्तकातून ती पट्टी काढली. तिकिटाच्या बदल्यात प्रत्येकाला मिळते तिथे, खऱ्या फिल्मचा तुकडा, तीन फ्रेम. ट्यूबलाइटसमोर धरली. गवत, थोडं आभाळ, पाठमोरी धावणारी एक मुलगी. मला तिन्ही सारख्याच दिसत होत्या. सेकंदाला 24 फ्रेम म्हणजे हा सगळा तुकडा सेकंदाचा आठवा भाग. चिऊ म्हणाली, "पहिल्या दोन सेमच आहेत, एक चित्र दोन-दोन फ्रेम ठेवतात. तिसरी बघ. केस."

मी चष्मा लावून आले म्हणून आत गेले, येईपर्यंत तिने पट्टी परत पुस्तकात ठेवली होती. परवा टेस्ट आहे. म्हटलं दाखव ना परत एकदा, तर म्हणाली थांब हं, एवढा एक प्रश्न होऊ दे.