अंजनेरीच्या वाटेवर कोळ्यांचं प्रियाराधन

नाशिकहून त्र्यंबकच्या सकाळच्या एसटीने वीसेक किलोमीटरवर अंजनेरी फाट्याला उतरलो. सप्टेंबरअखेर मुद्दाम निवडला. पाऊस ओसरत आला की पायथ्याच्या झुडपांत सिग्नेचर स्पायडर या जाळं विणणाऱ्या कोळ्यांच्या माद्या वयात येतात. वारा सुटायच्या आत, नऊ वाजेपर्यंत बघून घ्यावं.

गाव सोडलं की कमरेएवढ्या उंचीवर जाळी शोधायची. मधोमध पांढरी नागमोडी नक्षी आणि तिच्यावर पायांच्या जोड्या करून फुलीसारखी, डोकं खाली घालून बसलेली मादी. नर तिच्या निम्म्याहूनही लहान, बहुधा जाळ्याच्या कडेला. त्याच्या तोंडाजवळचे दोन पाल्प, म्हणजे पायांसारखे छोटे अवयव, निरखून बघा. बोंडासारखे फुगलेले असतील तर तो वयात आलेला. पोटाखालच्या छिद्रातून शुक्राणूंचा थेंब तो इवल्याशा जाळीवर सोडतो आणि पाल्पमध्ये ओढून घेतो. ही तयारी झाल्यावरच मादीकडे निघतो.

खरी अडचण पुढेच. मादीची नजर अधू, तिचं सगळं जग धाग्यांतून कळणारं. धागा थरथरला म्हणजे भक्ष्य अडकलं. माशी वेडीवाकडी तडफडते, नर मात्र अंग ठरावीक लयीत थरथरवतो. ऑस्ट्रेलियातल्या, सिग्नेचर स्पायडरच्याच वंशातल्या कोळ्यांवर 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नराची ही थरथर जाळ्यात सोडली, तर मादी भक्ष्यावरही उशिराने धावली. केवढं बळ आहे त्या थरथरीत!

या वंशातल्या बऱ्याच जातींत नर जाळ्याचे काही धागे तोडून मोकळी जागा करतो, तिथे स्वतःचा धागा ताणतो आणि तो हिसकत राहतो. मादी येऊन त्या धाग्यावर लटकली की होकार. मग शुक्राणू सोडायला तो पाल्प तिच्या शरीरात घालतो; एका वेळी एकच, तोही बहुधा काही सेकंदच. तेवढ्यात निसटला नाही तर मादी त्याला रेशमात गुंडाळते. पाल्पचं टोक अनेकदा आतच तुटून राहतं आणि पुढच्या नराची वाट अडवतं.

बघणाऱ्याच्या हातून बिघडतं ते हे: जाळ्यावर श्वास जातो, बॅगेचा पट्टा आधारधाग्याला लागतो. नर तिथेच थिजतो किंवा धाग्यावरून खाली उतरतो. बाजूला, हातभर अंतरावर उभं राहा. जाळं दिसावं म्हणून पाणी फवारू नका, थेंबांनी धागे जड होऊन थरथर बदलते.

वर झाडीत जायंट वूड स्पायडर भेटते. मादी चारेक सेंटिमीटर, नर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. तो तिच्या पाठीवरून फिरत रेशमाचे बारीक धागे घालतो आणि त्या स्पर्शाने ती शांत होते. उन्हात तापलेल्या दगडांवरच्या उड्या मारणाऱ्या कोळ्यांना नजर आहे, म्हणून त्यांचे नर पुढचे पाय उंचावून नाचतात.

परतताना सिग्नेचर स्पायडरच्या लहान माद्यांची जाळीही बघा. केंद्राजवळ नर गुपचूप बसलेला दिसला, तर तो तिच्या शेवटच्या कात टाकण्याची वाट बघत असतो. कात टाकताना तिचं अंग मऊ असतं, हल्ला करता येत नाही. तेवढ्या वेळात तो मीलन उरकतो.