बुखारा: आधी वीट बघा, निळाई नंतर

उझबेकिस्तानात समरकंद उरकून बुखाऱ्याला येणाऱ्यांचे डोळे तिथल्या इमारतींवरच्या निळ्या फरशांना सरावलेले असतात, त्यामुळे सुरुवातीला हे गाव जरा मळकटच वाटतं. म्हणून पहिल्याच सकाळी सामानी राजघराण्याच्या मकबऱ्याला जा. दहाव्या शतकातली छोटीशी चौकोनी इमारत, वर घुमट. रंगाचा पत्ता नाही. वीट आडवी, उभी, तिरपी लावत बुरुडाने टोपली विणावी तशी भिंत विणलीय. कोवळ्या उन्हात सावल्या खोल पडतात आणि नक्षी उठून दिसते; भर दुपारी तीच भिंत सपाट होते.

मग ११२७ सालचा कल्याण मिनार. पट्ट्यापट्ट्यांनी विटांची नक्षी बदलत जाते, ते निवांत बघा. समोरच्या मीर-ए-अरब मदरशात आजही मुलं शिकतात, त्यामुळे आपल्याला दारापर्यंतच प्रवेश.

दुपार बाजाराच्या घुमटांखाली काढावी. सोळाव्या शतकात रस्ते मिळतात तिथेच हे घुमट बांधले. बाहेर भाजत असताना आत गारवा असतो. सुझनी, म्हणजे भरतकामाची चादर, घ्यायची असेल तर उलटी करून बघा. जुन्या पद्धतीत पट्टे वेगवेगळ्या बायका भरायच्या आणि मग जोडायच्या, त्यामुळे जोडावर फुलं किंचित चुकतात. अगदी तंतोतंत जुळली असतील तर मशीनचा संशय घ्यायला हरकत नाही. घासाघीस इथे चालते.

संध्याकाळी लब-ए-हौज. तुतींच्या सावलीतला सतराव्या शतकातला हौद, काठावर नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा. शेजारच्या मदरशाच्या कमानीवर पक्षी आणि माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य आहे. धार्मिक इमारतीवर हे पाहून मी चक्रावलोच. चहाची वाटी अर्धीच भरून मिळाली तर रागावू नका, तो मान असतो.

आता कामाचं. भारतीयांना ई-व्हिसा लागतो. अफ्रासियाब या वेगवान गाडीची तिकिटं लवकर संपतात, ती आधीच काढा. स्टेशन कागान गावात आहे, जुन्या शहरापासून दहा किलोमीटरहून लांब. टॅक्सी अ‍ॅपवरून बोलवा. जुलै-ऑगस्ट टाळा, एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे. पुलाव खायचा तर दुपारीच, संध्याकाळपर्यंत कढई रिकामी होते. त्यात मांस असतंच. शाकाहारी मंडळींनी भोपळ्याचे सामसे (तिथले भाजलेले समोसे), टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि भट्टीतला ताजा नान यांवर भागवावं. नान मात्र ताटात पालथा ठेवू नका, तिथे ते अपमानाचं मानतात.