वाळणकोंडचे मासे आणि महाडचं जेवण: घड्याळ आणि तिथी बघून जा

पहिल्या दिवशी वाळणकोंडला पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. झुलत्या पुलावरून खाली पाहिलं तर पाणी नुसतं चकाकत होतं. मधूनच एखादी काळी पाठ वर यायची आणि दिसेनाशी व्हायची. पुलावरच्या पोरांनी कुरमुऱ्यांची पिशवी उपडी केली, पाणी उकळल्यासारखं झालं, फोन निघाले, आणि पाच मिनिटांत सगळं थंड. मावसभाऊ म्हणाला, "झालं? एवढ्यासाठी पुण्याहून आलो?" त्याचं काही चुकलं नव्हतं. वेळ मी चुकीची निवडली होती.

वाळणकोंड म्हणजे महाड तालुक्यात काळ नदीच्या पात्रातला, कातळात कोरला गेलेला खोल डोह. काठावर वरदायिनी देवीचं देऊळ आहे आणि डोहातले महसीर मासे तिचे, म्हणून ते कोणी धरत नाही. काळ नदी पावसाळ्यात बघवत नाही इतकी रौद्र असते आणि उन्हाळ्यात तिचं पात्र ठिकठिकाणी कोरडं पडतं. तेव्हा माशांना आसरा उरतो तो असल्या कोंडांचाच. नेमका तोच डोह देवीच्या नावाने राखायचं ज्या कोणाला पहिल्यांदा सुचलं, त्याला नदी चांगली कळत होती.

हा दख्खनी महसीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या कर्नल साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं आणि 'खुद्री' हे नाव इथल्याच लोकांच्या तोंडून उचललं. आपल्या नद्यांतल्या बऱ्याच माशांची लॅटिन वाटणारी नावं अशी मुळात मराठी आहेत, हे मला फार आवडतं. पुण्यात ज्या नदीचं नाक मुठीत धरून दर्शन घ्यावं लागतं, तिचा मासा बघायला आम्ही घाट उतरून महाडला आलो होतो, हा भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गेलो. ऊन अजून पाण्यावर आलं नव्हतं. पुलावर न थांबता खालच्या कातळावर जाऊन बसलो, खाणं काही टाकलं नाही. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग कडेच्या उथळ पाण्यात, दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या दिसला. बोटाएवढा मासा, हनुवटीखाली चिकटायची चकती. धार जोरात आली की नुसती शेपटी हलायची, तोंड दगडावरून सुटायचं नाही. भाऊ त्याच्याकडे बघत असतानाच खालून महसीर वर आले. एक तर अगदी हाताच्या अंतरावरून गेला: जाड ओठ, दोन जोड्या मिशा, रुपयाच्या नाण्याएवढे खवले, निळसर करडे पर. गडबड नाही, घाई नाही. अर्ध्या तासात आम्ही एक शब्द बोललो नाही.

देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या एका काकांनी सांगितलं, "आधी बारकी येतात, मग मधली, थोरली शेवटाला. मान असतो त्यांचा." आम्ही पाहिलं तेही साधारण असंच. माझ्या मते थोरले फक्त जास्त सावध असतात, पण काकांशी वाद घालायची ती जागा नव्हती.

जाणाऱ्यांनी पोलरॉइड गॉगल नक्की न्यावा. पाण्यावरची चकाकी त्याने निम्म्याहून कमी होते, महागडा कॅमेरा नसला तरी चालेल. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी नितळ असतं. पावसाळ्यात जाऊच नका. एरवीही डोहात उतरायचा मोह नको, कातळ शेवाळलेला आणि पाणी खोल. नवरात्रात आणि रविवारी गर्दी असते. कुरमुरे टाकायचेच असतील तर शेवटी, मूठभर, आणि पिशवी परत खिशात. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून महाड गाठणं सोयीचं. वरंधा घाट जवळचा असला तरी तो चालू आहे का ते निघण्याआधी विचारून घ्या. रेल्वेने वीर स्टेशन. महाडहून पुढे बिरवाडीमार्गे तासभर धरा, म्हणजे उजाडताना पोचायचं तर मुक्काम महाडलाच हवा.

आता जेवण. देवीचा मासा बघून आल्यावर नदीचा मासा खायचा नाही, खाडीचा खायचा, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. सावित्रीच्या खाडीतलं बोईट, तांदळाची भाकरी, वर सोलकढी, असा बेत. घरगुती जेवण देणाऱ्या एका काकूंना आदल्या रात्री फोन केला तर त्या हसल्या. "अहो, आज अष्टमी. भांग आहे. खाडीत काय मिळणार? उधाणाला यायचं होतंत."

हे आम्हा घाटावरच्यांच्या डोक्यातच नव्हतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ असते, जाळ्यात मासळी येते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद आणि टोपल्या रिकाम्या. हॉटेलात बर्फातली सुरमई मिळते, पण ती पुण्यातही मिळते. काकूंनी मग सुकट-वांगं केलं आणि कडव्या वालांचं बिरडं. सुकट आधी कोरडी भाजलेली, वांग्याच्या फोडी मऊ पण आकार धरून, आंबटपणाला दोनच आमसुलं. बिरड्यात वाल अख्खे, सालं एकेक हाताने काढलेली. खरं सांगायचं तर बोईटाची आठवणही आली नाही. भावाने चौथी भाकरी मागितली तेव्हा काकू म्हणाल्या, "सकाळी मासे बघून पोट भरलं नाही वाटतं!"

पोपटी मात्र राहिली. शेतात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भरतात, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. थंडीतलीच गोष्ट ही, आणि एक दिवस आधी सांगावं लागतं. आता माघी पौर्णिमेच्या पुढेमागे परत जायचं ठरलंय, म्हणजे उधाण मिळेल. तोवर शेंगा जून झाल्या नाहीत म्हणजे मिळवली.